सशाची वही

मला मुळात ससा नको होता. सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. पहाटे उठून डबा घ्यायचा, आठ तास उभं राहून लोखंडी भाग मापाने तपासायचे आणि साडेतीनला घरी यायचं तेव्हा पायांत गोळे आलेले असायचे. आठवड्याने शिफ्ट बदलली की झोपेचं खोबरं. अशा माणसाच्या घरात आधीच दोन मुलं, बायको, आणि दिवसाआड रुसणारा नळ एवढं होतं. त्यात आणखी एक तोंड कशाला, असं माझं साधं म्हणणं होतं.

पण आमच्या खात्यातल्या एकाकडे सशिणीला पिल्लं झाली आणि पेढे वाटावेत तशी तो ती वाटत सुटला. मी गाढवासारखा घरी येऊन हे बोलून गेलो. मुलगी तेव्हा चौथीत, मुलगा पहिलीत. तीन दिवस दोघांनी घर डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "आणा हो एकदाचा. मुलांना जरा जबाबदारी तरी कळेल."

जबाबदारी हा शब्द त्या काळी हवेत होता. पालकसभेत बाई दर दहा मिनिटांनी तो उच्चारायच्या. मुलांना झाड लावू द्या, मुलांना प्राणी सांभाळू द्या, म्हणजे जबाबदारी येते. मला वाटलं, येत असेल तर येऊ दे, निदान दप्तर तरी जागेवर ठेवतील. मी अट घातली. सशाचं सगळं मुलांनी बघायचं, मी आणि आईने हात लावायचा नाही. आणि वही ठेवायची.

ही वहीची कल्पना माझी. आमच्या कारखान्यात वहीशिवाय पान हलायचं नाही. शिफ्ट सुटताना काय केलं, काय राहिलं, यंत्र कुठे कुरकुरतंय ते जाणाऱ्याने लिहायचं आणि येणाऱ्याने वाचून खाली सही ठोकायची. काही बिघडलं की साहेबाचा पहिला प्रश्न असायचा, सही कोणाची? ज्याची सही, त्याची मान. बावीस वर्षं मी याच प्रश्नाच्या धाकात काढली होती आणि मला ती जगातली सगळ्यात शहाणपणाची पद्धत वाटत होती. म्हणून मी दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. तारीख, पाणी, पाला, झाडलोट, सही. मागच्या दाराशी खिळा ठोकून वही टांगली आणि तिला सुतळीने पेन्सिल बांधली. बायको म्हणाली, "ससा आणताय की कामगार?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला राहायचो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे चार पावलांचं अंगण आणि त्यात एक पेरूचं झाड. पॅकिंगच्या फळ्या आणि तारेची जाळी जमवून मी पिंजरा ठोकला. ससा पांढरा, लाल डोळ्यांचा, नुसताच नाक हलवत बसणारा. मुलांनी पहिल्या आठवड्यात त्याला पाच नावं ठेवली, पाचांवरून भांडणं केली आणि शेवटी तो ससाच राहिला.

पहिला महिना सणासारखा गेला. मुलगी शाळेत जाण्याआधी पाण्याचं मातीचं परळ घासून भरायची, वहीत नीट अक्षरात सही करायची आणि वर शेराही लिहायची. "आज त्याने मुळ्याचा पाला कमी खाल्ला." "आज त्याला शिंक आली." मुलाला सही येत नव्हती, म्हणून तो झाडलोटीच्या रकान्यापुढे सशाचे दोन कान काढायचा. संध्याकाळी मी चहाचा कप बाजूला ठेवून लाल पेनाने वही तपासायचो. मला त्यात मोठी मजा वाटायची, हे कबूल करतो. कारखान्यात सगळे माझी वही तपासायचे, इथे मी कोणाची तरी तपासत होतो.

दुसऱ्या महिन्यात हौस फिटली. कान रोज निघत होते, पण लेंड्या मात्र बायको झाडत होती. पाल्याचं तर विचारूच नका. कामावरून सुटलो की मी भाजीबाजारात थांबून फ्लॉवरचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याची पानं असं फेकलेलं गोळा करायचो. मखमलाबादकडून भाजी घेऊन बसणाऱ्या बायका मला ओळखायला लागल्या होत्या. "काय भाऊ, घरी म्हैस बांधली का?" एक जण रोज विचारायची आणि रोज तितकीच हसायची. आठ तास उभा राहिलेला माणूस मी, पिशवीत पाला भरताना कंबर मोडून यायची. हात लावायचा नाही ही अट फक्त वहीतच उरली होती. वहीत आमच्या दोघांच्या नावाचा रकानाच नव्हता.

एक मात्र होतं. मुलगी पाणी चुकवत नव्हती. पाला, झाडलोट यांत ती टंगळमंगळ करायची, पण पाणी तिचंच. परळ भरून ठेवलं की ती खाली बसून तो पितो का ते बघायची आणि मगच बूट घालायची. तिच्यापुरती तरी बाईंची जबाबदारी खरी ठरत होती.

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली. माझा मेव्हणा दिंडोरीच्या बाजूला राहतो, त्याची द्राक्षबाग. सुट्टीच्या दिवशी कसल्याशा कामासाठी मी स्कूटरवरून त्याच्याकडे गेलो. मेव्हणा गावात गेलेला. बागेत बायका फेलफूट काढत होत्या. छाटणीनंतर वेलीला फुटी फुटतात, त्यातल्या ज्यांना घड नाही त्या खुडून टाकतात, ती फेलफूट. वेलींच्या ओळींमध्ये कोवळ्या, लुसलुशीत पानांचा नुसता खच पडला होता. माझ्या मनात एकच विचार आला, चार दिवस बाजारात वाकायला नको. मी डिकीतलं गोणपाट काढलं आणि दाबून दाबून भरलं. एक बाई म्हणाली, "कशाला वो हे?" मी म्हणालो, "सशाला." ती हसली आणि पुढच्या वेलीकडे गेली. मी मेव्हण्याची वाटही पाहिली नाही. ऊन उतरायच्या आत घरी पोचायचं होतं.

त्या संध्याकाळी मीच पिंजऱ्यात ओंजळी ओंजळीने पाला टाकला. ससा अधाशासारखा खात होता. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत सशासाठी काही केलं आणि कंबर दुखली नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी माझी पहिली शिफ्ट होती, मुलं उठायच्या आत मी गेलो. साडेतीनला आलो तेव्हा मुलगी शाळेतून आलेली, ओट्यापाशी पोळी खात होती. मी मागे हात धुवायला गेलो. ससा पिंजऱ्यात आडवा पडला होता. पाय ताठ, तोंडाशी ओलसर फेस. परळ पालथं नव्हतं, जागेवर होतं, पण कोरडं ठणठणीत. आदल्या दिवशीची माती तळाशी सुकून तडकली होती.

मी आधी वही पाहिली. सशाला हात लावण्याआधी वही पाहिली, हे मला आजही आठवतं. त्या तारखेला पाण्यापुढे बरोबरची खूण होती आणि शेजारी नीट अक्षरात सही.

मी तिला हाक मारली. ती पोळीचा घास तोंडात धरून आली आणि दारातच थांबली.

"ही सही कोणाची?" मी विचारलं.

"माझी."

"पाणी दिलं होतंस?"

ती सशाकडे बघत होती. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. शेजारच्या खिडकीत कोणीतरी आलं.

"चाचणी होती, पप्पा. उशीर झाला होता. मी आल्यावर देणार होते." घास तसाच होता तोंडात, म्हणून ते नीट ऐकूही आलं नाही.

मी भडकलो. त्या दिवशी खात्यात साहेबाने माझ्यावर दुसऱ्याची चूक ढकलली होती, पाय ठणकत होते, पण ही कारणं झाली. खोटी सही हा माझा सगळ्यात मोठा राग होता आणि ती माझ्या पोटच्या पोरीने केली होती. मी म्हणालो, "पाण्यावाचून मेला तो. तू मारलंस त्याला." बायको आतून म्हणाली, "अहो, लहान आहे ती." मी म्हणालो, "लहान आहे म्हणूनच शिकवतोय."

आणि मग मी ते केलं. आमच्याकडे माल बाद झाला की वहीत कारण लिहायचं आणि जबाबदार माणसाची सही घ्यायची असा नियम होता. मी लाल पेन काढलं, त्या दिवसाच्या ओळीखाली लिहिलं, "पाणी न मिळाल्याने मृत्यू," आणि वही तिच्यापुढे धरली. "कर सही."

तिने केली. नऊ वर्षांच्या मुलीने, उभ्या उभ्या, माझ्या तळहातावर वही टेकवून. ती रडली नाही. मुलगा मात्र भोकाड पसरून रडत होता, त्याला कोणी काही म्हटलंही नव्हतं. पेरूच्या झाडाखाली मी खड्डा खणला. ती पूर्ण वेळ शेजारी उभी होती आणि माती लोटून झाल्यावर तिने विचारलं, "किती वेळ लागला असेल त्याला?" मी म्हणालो, "आता कशाला विचारतेस?"

दहाबारा दिवसांनी मेव्हणा आला. मुलं शाळेत होती, मी दुसऱ्या शिफ्टला निघायच्या तयारीत. चहा घेता घेता तो म्हणाला, "दाजी, तुमचा तो ससा हाय का बरा?"

मी म्हणालो, "गेला. पाणी मिळालं नाही."

त्याने कप खाली ठेवला. "आवो, बाया म्हणत होत्या तुम्ही गोणीभर पाला नेला. मी तुम्हाला लय शोधलं. आदल्या सांजेलाच किडीचं औषध मारलं होतं बागेला. मी बायांना बी हात धुतल्याबगर भाकर खाऊ देत नव्हतो. मला वाटलं फोन करावा, पण गावातला फोन नाय लागला."

बायको दारात उभी होती, हातात साखरेचा डबा. तिने सगळं ऐकलं होतं.

मेव्हणा गेल्यावर ती म्हणाली, "आज तिला सांगून टाका."

"सांगतो."

"मी सांगणार नाही. ते तुम्ही लिहिलंय, तुम्हीच खोडा."

मी खरंच सांगणार होतो. पण मी निघायच्या आतच ती शाळेतून आली, बूट काढले, जागेवर ठेवले, दप्तर खुंटीला लावलं. पहिल्यांदाच, कोणी न सांगता. मला वाटलं, थांबू थोडं. धडा तर लागलाय, आता तो कशाला पुसायचा? शिवाय खोटी सही तर तिने केलीच होती ना. असं मी स्वतःला समजावलं आणि दुसऱ्या आठवड्यात ती वही रद्दीवाल्याला देऊन टाकली. बायकोने महिनाभर विचारलं, सांगितलंत का? मग आठवड्यातून एकदा. मग विचारणं सोडलं. माझ्यावर रुसून नाही, नुसतीच थकून.

मुलगी बदलली. उन्हाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर पाखरांसाठी तीन भांडी ठेवायची आणि दुपारच्या उन्हात दोनदा बघून यायची. घरात कोणाचा तांब्या रिकामा राहू द्यायची नाही. झोपण्याआधी गॅसचं बटण, नळ, दाराची कडी, पुन्हा गॅसचं बटण. दहावीच्या सहलीला गेली नाही, कारण भावाला ताप होता आणि गोळीची वेळ चुकली असती. भावाने नववीत कुत्र्याचं पिल्लू आणायचं काढलं तेव्हा ती इतकी पांढरीफटक पडली की तो स्वतःच गप्प झाला. नातेवाईक म्हणायचे, पोरगी किती जबाबदार आहे हो तुमची. आणि मी हसून मान हलवायचो.

याहून वाईट आहे ते पण सांगतो. कारखान्यात चहाच्या सुट्टीत मी ही गोष्ट रंगवून सांगायचो. ससा गेला, पण पोरगी शिकली. लोक माना डोलवायचे. एकाने तर घरी पोपट आणून वही सुरू केली. पाल्याचा भाग मी कधी सांगितला नाही. सांगता सांगता मलाही तो आठवेनासा झाला, म्हणजे निदान चहा संपेपर्यंत तरी.

बारा वर्षं गेली. कारखान्याने आमच्यासारख्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं. मुलीने घराजवळचंच कॉलेज केलं, कॉम्प्युटर शिकली आणि तिला पुण्यातल्या एका कंपनीचं बोलावणं आलं. चांगली नोकरी, राहायची सोय. आठ दिवसांत कळवायचं होतं. तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, जाणार नाही.

"का?" मी विचारलं.

"आईचे गुडघे आहेत. तुमचा रक्तदाब. हा धाकटा तर गॅस चालू ठेवून बाहेर जातो. मी गेले आणि इथे काही झालं तर?"

"काय होणार आहे?"

"होतं, पप्पा. एका दिवसात होतं."

मी सबंध आठवडा तिच्याकडे बघत होतो. बाविसाव्या वर्षी ती चाळिशीच्या बाईसारखी चालायची, सतत मागे काहीतरी राहिलंय असं. मुदत संपायच्या आदल्या सकाळी ती अंगणात मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो. मला वाटत होतं की मी आज तिला मोकळं करणार आहे. खरं सांगायचं तर मला जरा अभिमानही वाटत होता.

मी सगळं सांगितलं. गोणपाट, फेलफूट, औषध, मामाचं येणं. "तो पाण्यावाचून नाही मेला. माझ्या पाल्याने मेला. तुझा काही दोष नव्हता."

तिचे हात थांबले नाहीत. चारपाच काड्या निवडून झाल्यावर तिने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"हो."

"आणि मामाला?"

"हो."

"कधीपासून?"

"दहाबारा दिवसांनी कळलं."

ती मान हलवत राहिली. मी वाट बघत होतो, रडेल, चिडेल, निदान हुश्श करेल. ती म्हणाली, "औषध पोटात गेल्यावर आग होत असेल ना, पप्पा? तहान लागली असेल त्याला."

तिने मेथीची पुढची काडी उचलली.

"रात्रभर लागली असेल," ती म्हणाली. "आणि सकाळी मी आले, सही केली आणि गेले."

एवढं बोलून तिने निवडलेली मेथी उचलली आणि आत गेली. बारा वर्षं मी जे लपवलं होतं ते तिला देऊन बसलो होतो आणि तिचं ओझं होतं तिथेच होतं, वर माझं चढलं होतं.

त्याच दुपारी तिने पुण्याला फोन करून होकार कळवला. मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "बघ, सांगितलं ते बरं झालं. सुटली पोरगी."

बायको मेथी धूत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"सुटली म्हणून नाही जात ती," ती म्हणाली. "तुमच्यासमोर राहणं जमणार नाही म्हणून जातेय. मला म्हणाली तसं. आणि माझ्यासमोरही."

मी तिथेच उभा राहिलो. बाहेरच्या खोलीत मुलगी कपाटातून कपडे काढत होती, एकेक झटकून घडी घालत होती. मला तिला हाक मारायची होती. काय म्हणून मारू ते कळेना.